दातांच्या दवाखान्यातली नवी यंत्रं : खुर्चीत बसण्याआधी काय माहीत असावं

बऱ्याच वर्षांनी दातांच्या दवाखान्यात जाणारा माणूस हल्ली गोंधळून जातो. मापासाठी तोंडात लगद्यानं भरलेला साचा दाबून धरायची पद्धत मागे पडली, आता जाडसर पेनासारखा कॅमेरा दातांवरून फिरतो. एक्स-रे क्षणात पडद्यावर येतो, त्यावर संगणक आपणहून रंगीत चौकटी काढतो. डॉक्टर सीबीसीटी, स्कॅन, गाईड, झिरकोनिया असे शब्द भराभर बोलून जातात आणि आपण तोंड उघडं ठेवून पडलेले, विचारायची सोय नाही. रूट कॅनॉल, कॅप आणि इम्प्लांट (कृत्रिम दातासाठी जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू) या तिन्हींतून मी गेलो आहे आणि घरात एकीचा दात सरळ करणाऱ्या अलायनरचा उपचार सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला आहे. नव्यानं जाणाऱ्याला जे आधी कळलेलं बरं, ते इथे क्रमानं लिहितो.

सगळ्यात आधी एक प्रश्न पाठ करून ठेवा. कुठलंही यंत्र पुढे आलं की विचारायचं : "या तपासणीनं माझ्या उपचारात नेमकं काय बदलणार आहे?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. तो लगेच सांगतो की मुळाला चीर आहे का ते बघायचंय, किंवा हाडाची रुंदी मोजायचीय. "आमच्याकडे सगळ्यांचंच करतो" एवढंच उत्तर मिळालं, तर होकार द्यायची घाई करू नका.

१. घरून निघताना काय न्यायचं

- आधीचे एक्स-रे आणि स्कॅन. कागदावरची प्रत चालते, मूळ फाईल असेल तर उत्तम.
- चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, मात्रेसह. आयुर्वेदिक काढे आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्याही त्यात लिहा.
- ॲलर्जीची नोंद : अँटिबायोटिक, भुलेचं औषध, लॅटेक्सचे हातमोजे, धातू.
- पेसमेकर, कृत्रिम हृदयझडप किंवा गरोदरपण असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा.
- मधुमेह असेल तर अलीकडचा एचबीएवनसीचा रिपोर्ट.
- पूर्वी इम्प्लांट बसवलं असेल तर त्याचं कार्ड.

यातल्या दोन औषधांबद्दल जास्त सांगायला हवं. हाडं ठिसूळ होण्यावर बिस्फॉस्फोनेट गटातली औषधं किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन घेत असाल, तर दात काढल्यावर किंवा इम्प्लांट बसवल्यावर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. ठिसूळ हाडांसाठीच्या नेहमीच्या मात्रेत तो कमी असतो, कर्करोगाच्या उपचारात दिल्या जाणाऱ्या मोठ्या मात्रेत बराच वाढतो. अनेकांना "हाडाची गोळी" दंतवैद्याला सांगायची गोष्टच वाटत नाही. दुसरी रक्त पातळ करणारी गोळी. दात काढायचा म्हणून ती आपल्या मनानं बंद करू नका. बहुतेक साध्या कामांत ती चालू ठेवूनच रक्तस्राव आवरता येतो आणि गोळी थांबवण्याचा धोका दातातून येणाऱ्या रक्तापेक्षा फार मोठा ठरू शकतो. काय करायचं ते दंतवैद्य आणि तुमचे हृदयरोगतज्ज्ञ मिळून ठरवतील.

आणि कागदावर आपली वेदना लिहून न्या. वेदना मोजणारं यंत्र अजून कुठल्याच दवाखान्यात नाही. थंड लागल्यावर कळ येते आणि दोन-चार सेकंदांत जाते, की मिनिटभर ठणकत राहते? गरमानं वाढते का? चावताना दुखतं की दात सोडताना? रात्री झोपेतून जाग येते का? कळ लगेच ओसरत असेल तर दाताची नस बहुधा वाचवता येते. ती रेंगाळत असेल, कारण नसताना उठत असेल, तर नस वाचण्याची शक्यता कमी होते. चावून सोडताना येणारी तीक्ष्ण कळ तडा गेल्याची खूण असू शकते, आणि असा तडा पुष्कळदा एक्स-रेत दिसतच नाही. महागड्या तपासण्यांआधी या चार ओळी डॉक्टरला वाट दाखवतात.

२. पडद्यावरचा आपला दात ओळखायला शिका

पहिल्या भेटीत बहुतेक ठिकाणी तोंडातल्या छोट्या कॅमेऱ्यानं फोटो काढतात. आपल्या दाढेची मागची बाजू आपण आयुष्यात कधी पाहिलेली नसते, त्यामुळे याचा खरा उपयोग होतो. मात्र पडद्यावर दात हातभर मोठा दिसतो. खाचेतला साधा चहाचा डागसुद्धा तिथे काळी गुहा वाटतो. फोटो पाहून घाबरून होकार देऊ नका. "हा डाग आहे की कीड, आणि ती किती खोल गेलीय?" एवढं विचारा.

दातांचे आकडेही समजून घ्या, कारण पुढचे सगळे कागद त्याच भाषेत येतात. जगात बहुतेक ठिकाणी दोन अंकी पद्धत चालते. तोंडाचे चार भाग : तुमचा वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. दुसरा अंक मधल्या पटाशीच्या दातापासून मागे मोजायचा, १ ते ८. म्हणजे ३६ ही खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ आणि ४८ ही खालची उजवी अक्कलदाढ. दुधाच्या दातांसाठी पहिला अंक ५ ते ८ असतो. अमेरिकेत मात्र १ ते ३२ असे सरळ आकडे देतात. तिथल्या कागदावरचा १९ म्हणजे इथला ३६. परदेशातले रिपोर्ट आणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

उपचाराच्या कागदावर दाताचा आकडा आहे ना, आणि तो दुखणाऱ्या दाताचाच आहे ना, हे सही करण्याआधी स्वतः मोजून पाहा.

३. एक्स-रे : कुठला, कशासाठी, किती

राँटगेननं १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले आणि दोनेक महिन्यांतच जर्मनीतल्या ओटो वॉल्कहॉफनं स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला. त्यासाठी त्याला २५ मिनिटं किरणांपुढे बसावं लागलं. आजचा डिजिटल सेन्सर हेच काम सेकंदाच्या लहानशा अंशात करतो. भीती बाळगायचं कारण पुष्कळ कमी झालंय, गरज नसताना काढायचं कारण मात्र आजही नाही.

तुमच्यापुढे बहुधा यांतला एखादा प्रकार येईल.

*आरव्हीजी.* एक-दोन दातांचा छोटा डिजिटल एक्स-रे. रूट कॅनॉल, कीड, मुळाच्या टोकाची सूज यांसाठी रोजचा. किरणांचा डोस साधारण १० मायक्रोसीव्हर्टच्या आत असतो. जमीन, हवा, आकाश यांतून जगातल्या सरासरी माणसाला नैसर्गिकपणेच वर्षाला सुमारे २.४ मिलीसीव्हर्ट, म्हणजे दिवसाला ६-७ मायक्रोसीव्हर्ट मिळत असतात. म्हणजे असा एक एक्स-रे फार तर एक-दीड दिवसाच्या नैसर्गिक डोसाएवढा.

*बाईटविंग.* दातांनी एक पट्टी चावून धरायची, वरच्या-खालच्या दाढा एकत्र येतात. दोन दातांच्या फटीतली कीड शोधायला याच्याइतकं साधं साधन नाही. रुग्णांना याचं नाव फारसं माहीत नसतं. फटीत कीड असल्याची शंका असेल तर आवर्जून विचारा.

*ओपीजी.* यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि दोन्ही जबडे एका चित्रात येतात. अक्कलदाढा, मुलांचे न उगवलेले दात, जबड्यातल्या गाठी यांसाठी उत्तम. बारीक कीड यात नीट दिसत नाही, म्हणून ओपीजी काढला तरी एखाद्या दाताचा आरव्हीजी पुन्हा लागू शकतो. ती फसवणूक नव्हे.

*सीबीसीटी.* हा त्रिमितीय स्कॅन. दातांसाठी तो १९९० च्या दशकाच्या अखेरीस आला आणि इम्प्लांटचं शास्त्र त्यानं पार बदललं. साध्या एक्स-रेत दाताची सावली सपाट पडते, दाताच्या पुढचं-मागचं एकावर एक येतं. सीबीसीटीत हाडाची जाडी मिलिमीटरच्या अंशापर्यंत मोजता येते, खालच्या जबड्यातली नस कुठून जाते ते दिसतं. डोस मात्र जास्त. यंत्र आणि स्कॅनचा आवाका यांवर तो काही दहांपासून काही शे मायक्रोसीव्हर्टपर्यंत जातो. म्हणून एका दातासाठी स्कॅन हवा असेल तर विचारा, "फक्त तेवढ्याच भागाचा छोटा स्कॅन होईल का?" छोट्या स्कॅनमध्ये डोस कमी आणि पुष्कळदा चित्रही जास्त बारकाव्याचं येतं. लहान मुलांच्या बाबतीत हा प्रश्न विचारायचाच.

इथे एक सापळा आहे. धातूची कॅप, चांदीचं फिलिंग किंवा रूट कॅनॉल भरलेला दात यांच्याभोवती सीबीसीटीत पांढरे-काळे पट्टे उमटतात. त्यातला काळा पट्टा हुबेहूब चिरेसारखा दिसू शकतो. "स्कॅनमध्ये मूळ तुटलेलं दिसतंय, दात काढावा लागेल" असं केवळ या पट्ट्यावरून कुणी सांगत असेल, तर दुसरं मत घ्याच. हिरडीत एकाच ठिकाणी खोल गेलेली खाच, बारीक पुवाचं तोंड, चावताना दुखणं अशा आणखी खुणा जुळताहेत का, ते तपासल्याशिवाय दात काढायला देऊ नका.

शिशाच्या एप्रनचं काय? अमेरिकन डेंटल असोसिएशननं २०२४ मध्ये सांगितलं की आजच्या यंत्रांत दातांच्या एक्स-रेसाठी एप्रन आणि गळ्याचा पट्टा यांची गरज उरलेली नाही. किरणांचा झोत नेमका रोखणं आणि अनावश्यक एक्स-रे टाळणं यातच खरं संरक्षण आहे. म्हणून एखाद्या ठिकाणी एप्रन दिला नाही तर तो हलगर्जीपणा समजू नका. तुमच्याकडचा नियम तो घालायला सांगत असेल तर घाला.

४. एआयच्या रंगीत चौकटी

एक्स-रे पडद्यावर आला की हल्ली काही दवाखान्यांत संगणक संशयाच्या जागांवर चौकटी काढतो. अशा काही प्रणालींना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं गेल्या काही वर्षांत परवानगी दिली आहे, आणि ती डॉक्टरच्या मदतीसाठी आहे, डॉक्टरच्या जागी नव्हे. थकलेल्या डोळ्यांतून सुटलेली फटीतली कीड यंत्र दाखवून देतं, हा मोठा फायदा.

अडचण पुढे आहे. चौकट सांगते की इथे काहीतरी आहे. ती कीड वाढते आहे की वर्षानुवर्षं थिजलेली आहे, हे तिला एका चित्रावरून कळत नाही. पाच चौकटी म्हणजे पाच फिलिंग असा हिशेब कुणी मांडला, तर प्रत्येक जागेबद्दल वेगळं विचारा : कीड फक्त बाहेरच्या कडक थरात आहे की आतल्या थरात पोचली? पृष्ठभागाला खड्डा पडलाय का? जुन्या एक्स-रेच्या तुलनेत वाढलीय का? पहिल्या टप्प्यात सांगितलेले जुने एक्स-रे इथे कामी येतात.

५. कोरायचं की थांबायचं

रुग्णांच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा बदल मला इथे वाटतो आणि त्याची जाहिरात सगळ्यात कमी होते, कारण यात दाखवण्याजोगं यंत्रच नाही. कीड बाहेरच्या थरापुरती असेल आणि खड्डा पडला नसेल, तर फ्लोराइड, नीट ब्रश, फटींची सफाई आणि सतत गोड तोंडात ठेवणं टाळणं यांनी ती थांबू शकते, त्या जागी खनिजं पुन्हा बसू शकतात. काही महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढून पाहणं हा पूर्ण शास्त्रीय उपचार आहे.

लहान मुलांसाठी आणि खुर्चीत फार वेळ बसू न शकणाऱ्या वृद्धांसाठी सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचा द्राव वापरतात. बहुधा ३८% तीव्रतेचा. भूल नाही, ड्रिल नाही, किडलेल्या जागी लावला की कीड थांबण्याची शक्यता चांगली. किडलेला भाग मात्र कायमचा काळा पडतो. हे आधी न सांगता लावलं तर आईवडील हादरतात, म्हणून तुम्हीच विचारून घ्या.

कीड दाताच्या नसेपर्यंत पोचली तरी लगेच रूट कॅनॉल हाच मार्ग, असंही आता राहिलेलं नाही. १९९० च्या दशकात एमटीए नावाचं सिमेंट आलं, त्यानंतर त्याच जातीची बायोसिरॅमिक द्रव्यं आली. नस जिवंत असेल तर तिच्या उघड्या भागावर हे लावून दात वाचवता येतो. प्रत्येक दातात जमत नाही. पण "नस वाचवण्याचा प्रयत्न करता येईल का?" हे विचारायला काही लागत नाही.

६. भूल

सुईची भीती असलेल्यांनी हा भाग वाचावा. टोचण्यापेक्षा औषध वेगानं, दाबानं आत गेल्यामुळे जास्त दुखतं. संगणकानं वेग आवरणारी भुलेची यंत्रं १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून आहेत. ती थेंबथेंब औषध सोडतात. ते यंत्र नसलं तरी हिरडीवर आधी बधिर करणारी जेल लावून सावकाश टोचणारा हात तितकाच उपयोगी. भूल चढली नाही, तर हात वर करून थांबवायचं हे काम सुरू होण्याआधी ठरवून घ्या. सुजलेल्या खालच्या दाढेत पहिल्या इंजेक्शननं पूर्ण भूल न येणं नेहमीचं आहे, त्यावर उपाय असतात.

७. रूट कॅनॉल : यंत्रांचा खरा उपयोग इथे

रूट कॅनॉल म्हणजे मुळातल्या बारीक नळ्या साफ करून बंद करणं. आधीच्या पिढीनं या उपचाराचं जे वर्णन ऐकवलं, ते आता बरंच जुनं झालंय. काय काय बदललं ते सांगतो.

सूक्ष्मदर्शक : वरच्या पहिल्या मोठ्या दाढेत वरवर तीन नळ्या दिसतात, पण अर्ध्याहून जास्त दाढांत चौथी असते आणि तिचं तोंड टाचणीच्या टोकाएवढं. ती राहून गेली की दात पुन्हा दुखतो. वीसेक पटींपर्यंत मोठं दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली ती सापडण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

ॲपेक्स लोकेटर : मूळ कुठे संपतं हे सूक्ष्म विद्युतप्रवाहाच्या रोधावरून सांगणारं लहानसं यंत्र. हे तत्त्व वापरून जपानच्या सुनाडांनी १९६२ मध्ये लांबी मोजून दाखवली. यामुळे लांबी मोजण्यासाठी पुन्हापुन्हा एक्स-रे काढावे लागत नाहीत. पेसमेकर असेल तर हे यंत्र लावण्याआधी आठवण करून द्या.

निकेल-टायटॅनियमच्या फाईल : पोलादी सुया वाकड्या मुळात अडत. निकेल-टायटॅनियम लवचीक असतं, मोटरवर फिरतं आणि वळणातून जातं. म्हणूनच पूर्वी अनेक बैठकांत होणारं काम आता पुष्कळदा एक-दोन बैठकांत होतं. एकाच बैठकीत करा असा हट्ट मात्र धरू नका. पू असेल, सूज असेल, तर मधे औषध भरून थांबणंच योग्य.

या सगळ्यांपेक्षा जास्त महत्त्वाची गोष्ट १८६४ सालची आहे : रबर डॅम. दाताभोवती ताणून बसवायचं पातळ रबरी पान. लाळेतले जंतू नळीत जात नाहीत आणि बारीक सुई किंवा औषध घशात उतरत नाही. माझं ठाम मत आहे की नवी यंत्रं आहेत का हे विचारण्याआधी "रबर डॅम लावता का?" हे विचारावं. सूक्ष्मदर्शक असून डॅम नसेल, तर तिथे काहीतरी उलटं चाललंय.

काम झालं आणि दुखणं थांबलं म्हणून पुढची कॅप टाळू नका. मागच्या दाढा रूट कॅनॉलनंतर कॅपशिवाय ठेवल्या तर तुटण्याचा धोका मोठा असतो, आणि मुळापर्यंत उभी तुटलेली दाढ वाचत नाही.

८. स्कॅन आणि एका दिवसात कॅप

तोंडातला स्कॅनर सेकंदाला ढीगभर चित्रं घेऊन ती जोडतो आणि दातांचं रंगीत त्रिमितीय रूप पडद्यावर उभं राहतं. ज्यांना लगद्याच्या मापानं उमासे येतात त्यांना हे वरदान वाटेल. मधे थांबता येतं, राहिलेला तुकडाच पुन्हा घेता येतो. तुमचं काम एवढंच : नाकानं श्वास घ्या, जीभ शांत ठेवा, मधेच तोंड मिटू नका. लाळ आणि रक्त ही स्कॅनची शत्रू. हिरडीतून रक्त येत असेल किंवा दाताची कड हिरडीखाली खोल असेल, तर स्कॅनरला ती कड दिसत नाही. अशा वेळी डॉक्टर जुन्या पद्धतीचं माप घेतात किंवा हिरडी बरी होईपर्यंत थांबायला सांगतात. त्यांना मागासलेले समजू नका, ते तुमच्या कॅपची कड नीट बसावी म्हणून थांबताहेत.

खुर्चीशेजारीच कॅप कोरायची कल्पना झुरिकमध्ये मोरमान आणि ब्रँडेस्टिनी यांनी प्रत्यक्षात आणली. १९८५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या दातात असं सिरॅमिकचं भरण बसलं. आज स्कॅन, आराखडा, कोरणं, भट्टी असं सगळं एका सकाळीत होऊ शकतं. कॅपसाठीच्या लिथियम डायसिलिकेट या सिरॅमिकची वडी निळसर-जांभळी दिसते, भट्टीतून आल्यावरच तिला दाताचा रंग येतो, तेव्हा पहिल्यांदा पाहून दचकू नका. झिरकोनिया हे कॅपचं दुसरं सिरॅमिक भट्टीत सुमारे २०% आकसतं, म्हणून त्याची कॅप आधी मोठी कोरतात.

एका दिवसात हवीच का? एकाच दाढेसाठी सोय मोठी : तात्पुरती कॅप नाही, दुसऱ्यांदा भूल नाही. समोरचे दिसणारे दात असतील तर मी प्रयोगशाळेतल्या कारागिराकडूनच करून घेईन. रंगाच्या छटा, कडेची पारदर्शकता ही अजून हाताची कामं आहेत. मटेरियलचं नाव बिलावर लिहून घ्या.

कॅप बसली की आणखी एक काळजी. भूल असताना दात नीट मिटतात की नाही हे तुम्हाला कळत नाही. भूल उतरल्यावर तोच दात आधी टेकतोय असं वाटलं, तर "सवय होईल" म्हणून दिवस काढू नका. लगेच जाऊन घासून घ्या. दोन मिनिटांचं काम असतं, राहिलं तर दात दुखायला लागतो.

९. इम्प्लांट

स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशाच्या हाडावरच्या प्रयोगात दिसलं की टायटॅनियमला हाड घट्ट धरून ठेवतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले. त्यानंतर पृष्ठभाग सुधारले, आराखडा संगणकावर आला, पण हाडाला जुळून यायला लागणारा वेळ कुठल्याही यंत्रानं शून्य केलेला नाही. पारंपरिक हिशेब खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्यात सहा. आज तो पुष्कळ रुग्णांत कमी करता येतो.

योग्य क्रम असा : हिरड्यांचे आजार आधी बरे करणं, मग सीबीसीटी, दातांचा स्कॅन, दोन्ही एकावर एक ठेवून संगणकावर इम्प्लांटची जागा ठरवणं, गरज असेल तर त्रिमितीय छपाईचा गाईड, शस्त्रक्रिया, थांबणं, मग दात. गाईड म्हणजे दातांवर बसणारी छिद्राची पट्टी. त्यामुळे ड्रिल ठरलेल्या कोनातच जातं. खालच्या जबड्यात नसेपासून साधारण २ मिलिमीटर अंतर राखतात. पडद्यावर ते अंतर दाखवा म्हणा, डॉक्टर आनंदानं दाखवतात.

"एका दिवसात पक्का दात" ही जाहिरात नीट वाचा. त्या दिवशी मिळतो तो बहुधा तात्पुरता दात, आणि तोही हाडात इम्प्लांट पुरेसा घट्ट बसला तरच. त्यावर काही आठवडे कडक चावायचं नसतं. धूम्रपान आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांनी इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो, हे लपवून फक्त तुमचंच नुकसान.

शस्त्रक्रियेनंतर इम्प्लांट कार्ड मागा. त्यावर कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी, लॉट क्रमांक आणि तारीख हवी. इम्प्लांटच्या पाकिटावर स्टिकर असतात, ते चिकटवले की झालं. दहा वर्षांनी आतला स्क्रू सैल झाला आणि कार्ड नसेल, तर नव्या डॉक्टरला योग्य स्क्रूड्रायव्हर कुठला हेच शोधत बसावं लागतं.

१०. अलायनर

पारदर्शक ट्रे. प्रत्येक ट्रे दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो आणि दिवसाला २० ते २२ तास तोंडात असेल तरच. जेवताना काढायचा, तो घालून पाण्याशिवाय काही प्यायचं नाही. किशोरवयीन मुलामुलींसाठी घेताना हे तासांचं गणित घरात प्रामाणिकपणे करा. ते पाळता येणार नसेल, तर तारा जास्त खात्रीच्या.

सुरुवातीला पडद्यावर दात सरळ होतानाचं चलच्चित्र दाखवतात. तो आराखडा आहे, हमी नव्हे. दात फिरवणं, वर-खाली करणं पुष्कळदा पहिल्या संचात पुरं होत नाही आणि पुन्हा स्कॅन करून नवे ट्रे लागतात. ते ठरलेल्या पैशांत धरलेत की वेगळे, हे आधी लिहून घ्या. दातांवर चिकटवायचे उंचवटे आणि दातांमधली थोडी घासणी यांचीही आधी कल्पना घ्या.

डॉक्टरनं तोंड न तपासता घरपोच मिळणारे अलायनर घेऊ नका. हिरडीचा आजार असताना दात सरकवले तर ते हलायला लागतात. अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही घरपोच अलायनरची मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा उपचार अर्ध्यावर असलेल्यांना दाद मागायला कुणी उरलं नाही.

आणि शेवटच्या ट्रेनंतर रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारं साधन. दात जुन्या जागी परतायला टपलेले असतात. रिटेनरची किंमत पहिल्याच दिवशी विचारा.

११. लेझर

थोडक्यात. डायोड लेझर हिरडीसाठी : जास्तीची हिरडी काढणं, ओठाची-जिभेची आवळलेली पट्टी सोडवणं. रक्त कमी येतं. दात कोरायला एर्बियमचा लेझर लागतो. तो दातातल्या पाण्यात शोषला जातो, त्यामुळे ड्रिलचा आवाज आणि कंप टळतो. जुनं धातूचं फिलिंग काढायला मात्र तो चालत नाही. "लेझरनं केलं" म्हणजे आपोआप चांगलं झालं असं नसतं. हिरडीच्या आजारात मूळ उपचार अजूनही कीटण काढणं हाच आहे. लेझर सुरू असताना तुमच्या डोळ्यांवर खास चष्मा असलाच पाहिजे. दिला नाही तर मागा.

१२. फाईल घरी न्या

डिजिटल उपचाराचा हा फायदा रुग्ण सगळ्यात कमी घेतात. उपचार संपल्यावर हे मागा :

- एक्स-रेच्या मूळ प्रती. पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो चालत नाही, त्यात बारकावे जातात.
- सीबीसीटीची डायकॉम फाईल, म्हणजे संपूर्ण स्कॅनची मूळ फाईल. फक्त छापील पानं दिली तर पुढचा डॉक्टर ती फिरवून पाहू शकत नाही.
- दातांच्या स्कॅनची एसटीएल किंवा पीएलवाय फाईल (त्रिमितीय रूप साठवणारे प्रकार).
- दाताचा आकडा, मटेरियल आणि तारीख असलेलं बिल.

त्याच दिवशी मागा. दवाखाना बदलला, संगणक बदलला की वर्षभरानं शोधाशोध होते. घरी दोन ठिकाणी साठवा आणि फाईलच्या नावात तारीख घाला.

यांचा उपयोग पुढच्या तपासणीत होतो. रूट कॅनॉल झालेल्या दाताचा साधारण वर्षानं एक्स-रे काढतात आणि उपचाराआधीच्या चित्राशेजारी ठेवून पाहतात. मुळाच्या टोकाची काळी सावली लहान झाली असेल तर हाड भरून येतंय. तेवढीच असेल तर आणखी थांबून पुन्हा बघता येतं, वाढली असेल तर पुन्हा उपचार. इम्प्लांटभोवतीच्या हाडाची पातळीही अशीच जुन्या एक्स-रेशी ताडून पाहतात. पहिलं चित्र हाताशी नसेल तर यातलं काहीच ठरवता येत नाही, म्हणून ते तुमच्याकडे असू द्या.